दोन रिंगांचा करार

"खुर्च्या सहा, माणसं अकरा, एसी दोन. म्हणजे आपल्याला इथं बसवायचं नाहीये, गार करायचंय."

वाक्य कुणाला उद्देशून नव्हतं. पण बोलणारे गृहस्थ तीन नंबरच्या काउंटरला इतके खेटून उभे होते की काचेवर त्यांच्या श्वासाचा ठसा उमटला, आणि काचेच्या अलीकडे बसलेल्या उल्का लोंढेला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

तिनं मान वर केली. सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक टोक केलेली पेन्सिल. काखेत प्लॅस्टिकची फाइल.

"काका, टोकन कितीचं?"

"सत्तेचाळीस."

"एकेचाळीस चालू आहे. बसा ना जरा."

"कुठं?" खुर्च्यांकडे न बघताच त्यांनी विचारलं. "उभा राहून पुटपुटतो. त्याला टोकन लागत नसेल तर."

उल्काला हसू आलं. ते तिनं कीबोर्डवर वाकून लपवलं.

कर्वेनगरच्या या मोबाइल गॅलरीत तिला तेरा वर्षं झाली होती. त्याआधीची अकरा वर्षं नारायण पेठेतल्या एका एसटीडी बूथवर. बारावीला इंग्रजीत गेली ती परत बसली नाही. पण कंपनीकडून येणारी जाडजूड माहितीपत्रकं तिनं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढली होती. परदेशातल्या रोमिंगचं काम तिच्याकडे आलं ते त्यामुळेच. बाकीच्या पोरींना त्याचा कंटाळा. उल्का गोव्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती, पण चाळीस देशांत किती जीबीला किती रुपये पडतात, लिमिट कुठं संपतं आणि संपल्यावर काय होतं, हे तिला पाढ्यासारखं येत होतं. तिची मुलगी उत्कर्षा म्हणायची, "आई, तुला व्हिएतनामची राजधानी माहीत नाही, पण तिथं व्हिडिओ कॉल केला तर खड्डा केवढा पडतो ते माहीत आहे."

लोक इथं येऊन काय काय विचारत! एका बाईंना हवं होतं, दुबईचं रोमिंग अरबी समुद्रावर सुरू होतं की उतरल्यावर. एक आजोबा बालीत दहा दिवस फोन विमान मोडवर ठेवून राहिले आणि परत आल्यावर, "वापरलंच नाही तर पैसे कसले?" म्हणून पॅक परत द्यायला आले, जणू बूट चावला. उल्काला या सगळ्याची गंमत वाटायची. बूथवर असताना काचेपलीकडची पाठमोरी माणसं बघून बघून तिला एक खोड लागली होती. मान कशी वळते, खांदा कधी पडतो, यावरून पलीकडून काय बातमी आली असेल ते ओळखायचं. भोचकपणाच तो. पण निरुपद्रवी, असं तिचं मत होतं.

सत्तेचाळीस नंबर लागला. गृहस्थ समोर बसले, फाइलमधून एक कागद काढून त्यांनी काचेखालून सरकवला, आणि ते अक्षर बघताच उल्काला माणूस आठवला. छापल्यासारखं उभं, एका मापाचं अक्षर. दिगंबर शाळिग्राम. पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. धरणांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं होतं. एप्रिलअखेर हेच आले होते, लेकीकडे नेदरलँड्सला निघाले होते तेव्हा. ऋचा तिचं नाव, गाव आइंडहोवन. सोबत एकोणीस प्रश्नांची यादी होती, क्रमांक घातलेली.

तेव्हाचा संवाद उल्काला जसाच्या तसा आठवत होता, कारण तो तिनं घरी जाऊन साभिनय करून दाखवला होता.

"याच्यापुढे एक रुपया जाता कामा नये," ते म्हणाले होते.

"काका, लिमिट लावते. डेटा तिथपर्यंत पोचला की मेसेज येईल. तुम्ही हो म्हणालात तर पुढे चालू, नाहीतर बंद."

"मला विचारायचंच नाही. सरळ बंद करा. विचारलं की माणूस हो म्हणतो."

"आणि आलेला फोन उचलला तर या पॅकमध्ये मिनिटाला पैसे पडतील. थोडं महागाचं घेतलंत तर उचलायला फुकट आहे."

"उचलणारच नाही, तर फुकट कशाला?"

तर आता त्यांचा हा कागद. उल्का वाचू लागली. प्रति, व्यवस्थापक. विषय, सेवा खंडित झाल्याबाबत. 'दिनांक नऊ जून रोजी मी परदेशात असताना माझे ज्येष्ठ बंधू कै. रावसाहेब शाळिग्राम यांनी माझ्याशी पुण्याहून वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. तथापि, आपण लावलेल्या मर्यादेमुळे माझा दूरध्वनी बंद पडल्याने तो होऊ शकला नाही. त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. तरी, मर्यादेमुळे सेवा बंद होती, असे मला लेखी मिळावे, ही विनंती.'

'कै.' या अक्षराशी ती अडखळली. मग 'आपण लावलेल्या'शी.

लिमिट तिनंच लावलं होतं. याच खुर्चीत बसून, याच बोटानं.

"काका, फार वाईट झालं," ती म्हणाली. आवाज जरा खालीच गेला. "आपण... म्हणजे भरपाईसाठी..."

"पैसे नकोत. त्यात कुठं पैशाचा शब्द आहे का? कागद हवाय."

"कुणाला द्यायचाय?"

"घरी."

घरी द्यायला मोबाइल कंपनीचा कागद मागणारा माणूस तिनं तेरा वर्षांत बघितला नव्हता. उल्कानं हात कीबोर्डवरून बाजूला घेतले. मागच्या टोकनवाल्यानं घसा खाकरला, त्याच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

"म्हणजे काय, की पुतण्या आहे माझा," दिगंबरराव म्हणाले. "केयूर. दादाचा मुलगा. आयटीत असतो, त्याला यातलं कळतं. तेराव्याला, जेवणं झाल्यावर, हात धुताना म्हणाला, काका, डेटा संपला तरी साधा फोन लागतो हं. एवढंच. चिडून नाही. सहज, माहिती सांगावी तसं. मी म्हटलं, तिकडे तसं नसतं, तिकडे सगळंच बंद होतं. वहिनी पानं उचलत होत्या, त्या उचलत राहिल्या. आता मी गेलो की सगळे क्रिकेटवर बोलतात. आमच्या घरात क्रिकेट कुणी बघत नाही, मॅडम."

केयूर बरोबर होता. हे उल्काला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आधीच कळलं होतं. लिमिट डेटाला असतं. साध्या फोनचा त्याच्याशी संबंध नाही. लिमिट संपलं तरी रिंग वाजते. पण दुसरीही एक शक्यता होती, आणि ती खरी निघावी असं उल्काला स्वतःसाठीही आणि त्यांच्यासाठीही वाटलं. स्वतःसाठी का, ते तिला कळेना. व्हॉट्सअ‍ॅप डेटावर चालतं. तसं असतं तर उलट दोष तिच्याच बोटावर आला असता.

"ते व्हॉट्सअ‍ॅपवरून करत होते का?"

दिगंबररावांनी खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली.

"असतील."

"त्यांना येत होतं?"

"केयूरनं शिकवलं असेल."

"रोज बोलणं व्हायचं का तुमचं?"

इथं मात्र त्यांचा चेहरा उघडला. "बोलणं नाही. आमचा करार होता. दोन रिंगांचा. फार जुना. मी उजनीवर होतो, दादा इथं नारायण पेठेत, तेव्हापासूनचा. एसटीडीला पैसे पडायचे. म्हणून दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. उचलायचा नाही. तिकडे गेल्यावरही तेच. रोज रात्री आठला, म्हणजे तिथले दुपारचे साडेचार, दादाच्या दोन रिंगा. चाळीस दिवसांत एक दिवस चुकला नाही. फुकट."

"तुमच्यासारख्यांनी आमचं बूथ बुडवलं हो," उल्का म्हणाली. तिच्या तोंडून निसटलंच. "नारायण पेठेतच होते मी. लोक आत यायचे, नंबर फिरवायचे, दोन रिंगा झाल्या की ठेवून बाहेर. मीटर पडलंच नाही म्हणायचे. रोज तीस जण. मी एक पाटी लावली होती, 'रिंगांचेही पैसे पडतील.'"

"पडायचे?"

"छे. पण पाटी होती."

ते हसले. पहिल्यांदाच. आणि हसताना त्यांचा खांदा एका बाजूनं खाली आला, तो वर गेलाच नाही. उल्कानं ते बघितलं.

तिनं स्क्रीनवर त्यांचा नंबर उघडला. नऊ जून. आइंडहोवनच्या आसपास. लिमिट संपल्याची नोंद होती खरी. मेसेज गेल्याची, डेटा बंद झाल्याची. आणि समोर वेळ होती. तिथली, संध्याकाळची सहा वाजून पाच मिनिटं.

साडेतीन तासांचा फरक. उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सहा पाच म्हणजे आपले रात्रीचे नऊ पस्तीस.

"दादांचे फोन कधीचे होते?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"आठचे. आठ ते पावणेनऊ, वहिनी म्हणतात. सवानऊला गेले."

म्हणजे लिमिट संपलं तेव्हा दादा गेलेले होते. बोटावरचा दोष गेला. त्याबरोबर हायसं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. उल्कानं काचेतून समोर बघितलं. त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. पण ते स्क्रीनच्या पाठीकडे असे बघत होते की जणू तिथूनही आकडे दिसतात.

"थांबा हं," ती म्हणाली आणि आतल्या केबिनमध्ये गेली.

व्यवस्थापक सार्थक तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होता आणि तिला मॅडम म्हणायचा. "मॅडम, लेटर आपण देत नाही. कस्टमर केअरला मेल करायला सांगा, ते सात दिवसांत रिप्लाय देतात."

"रिप्लायमध्ये काय देतात?"

"की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

"वयस्कर आहेत रे. नुसती नोंदीची प्रिंट देते, खाली शिक्का. खोटं काही नाही त्यात."

"खोटं नाही ना? मग द्या. माझी सही नको फक्त."

नोंदीची प्रिंट इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेली. उल्कानं ती बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर मराठीत दोन ओळी टाइप केल्या. 'सदर ग्राहकाच्या क्रमांकावर दिनांक नऊ जून रोजी परदेशातील डेटा मर्यादा संपल्याने ग्राहकाच्या पूर्वसूचनेनुसार सेवा बंद करण्यात आली.' डेटासेवा असं लिहायला हवं होतं. सेवा लिहिलं. शिक्का मारला. कागद काचेखालून सरकवला.

दिगंबररावांनी तो हातभर लांब धरून वाचला. नकाशा तपासावा तसा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

"वेळ नाही लिहिलीत," ते म्हणाले.

"वेळ हवी का?"

एसीची घरघर चालू होती. अठ्ठेचाळीस नंबरवाला काउंटरपर्यंत येऊन उभा राहिला होता.

"नको," ते म्हणाले. कागदाची घडी घातली नाही, तसाच सपाट फाइलमध्ये ठेवला, आणि उठून गेले. आभार मानले नाहीत.

संध्याकाळी मेथी निवडताना उल्कानं उत्कर्षाला सगळं सांगितलं. नाव सोडून. ती एवढा नियम पाळायची.

"म्हणजे तू खोटं लिहून दिलंस," उत्कर्षा म्हणाली. ती लॅपटॉपसमोर होती, कानात एकच इअरफोन.

"एक शब्द खोटा नाही."

"आई, तू वकील व्हायला हवी होतीस."

"बारावी नापास वकील. पाटी लावली असती." उल्कानं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मला कळत नाही ते निराळंच आहे. फोन वाजत होता, हे नक्की. पाऊण तास वाजत होता. मग हा माणूस करत काय होता? झोपला होता? फोन घरी विसरला होता? पण तसं असतं तर तसंच सांगितलं असतं ना. फोन विसरलो म्हणायला काय लागतं? लिमिटचं कशाला मध्ये आणायचं?"

"तू कशाला मध्ये पडतेस? तुझं काम झालं."

"उत्सुकता म्हणून."

"भोचकपणा म्हणून."

"तेच ते."

उत्कर्षा थोडा वेळ टाइप करत राहिली. मग कानातला इअरफोन काढून म्हणाली, "उचलला नसेल गं. बघितला असेल आणि उचलला नसेल. मी नाही का तुझे फोन बघून उलटा ठेवते? घरी गेल्यावर बोलूच म्हणून."

"मीटिंगमध्ये असतेस म्हणतेस."

"म्हणते," उत्कर्षा म्हणाली.

मेथी निवडून झाल्यावरही उल्का रिकाम्या काड्या मोडत राहिली.

ते परत येतील असं तिला वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी आले. पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात कुणी नवा फोन घेत नाही, नवा नंबर घेत नाही, साधी काचसुद्धा बसवून घेत नाही. गॅलरीत सहाच्या सहा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मुली आपापल्या काउंटरवर नखं बघत बसल्या होत्या. दिगंबरराव दार ढकलून धरून उभे राहिले, आणि त्यांच्या हाताखालून एक ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई आत आल्या. टोकन न घेता सरळ तीन नंबरवर.

"आपणच का त्या कागद देणाऱ्या?"

उल्का उठून उभी राहिली. का ते तिलाच कळलं नाही. "हो. बसा ना, काकू."

"मी यमुना शाळिग्राम. हे माझे दीर. यांना तुम्ही ओळखता." खुर्चीवर टेकून त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली. "यांच्या दादांचा नंबर आहे. केयूर म्हणतो बंद करू, दर महिन्याला कशाला भरायचे. मी म्हटलं, बंद करायचा नाही. माझ्या नावावर करा. होतं ना तसं?"

"होतं. दाखला लागेल, तुमचं आधार, आणि एक फॉर्म."

सगळं होतं. दिगंबररावांच्या फाइलमध्ये क्रमानं लावलेलं, वर अनुक्रमणिका. उल्कानं फॉर्म दिला, तो त्यांनी वहिनींसाठी भरायला घेतला. पेनाचं टोपण काढून मागे लावलं. पहिल्या चौकोनात एक अक्षर, दुसऱ्यात एक, सगळी एका उंचीची.

"फोनही लागेल जरा, काकू. सिम बघायला."

यमुनाबाईंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढला. बटणांचा. आकडे झिजून गेलेले, मागच्या झाकणाला रबर लावलेलं. ना इंटरनेट, ना काही. उल्कानं तो हातात घेतला आणि नकळत दिगंबररावांकडे बघितलं. त्यांनी वर बघितलं नाही. चौकोन भरत राहिले.

"तुमचा कागद मी त्यांच्या फोटोमागे ठेवलाय," यमुनाबाई म्हणाल्या. "केयूरला वाचून दाखवायला सांगितला. त्यानं वाचला. मला म्हणाला, आई, कागदावर शिक्का आहे, आता विषय संपला. भावजींना म्हटलं, बघा, शिक्का आहे. खूश झाले. नाही का हो भावजी?"

"हं," दिगंबरराव म्हणाले.

"त्या दिवशी संध्याकाळपासूनच त्यांना बरं वाटत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते, केयूर गाडी घेऊन निघाला होता हिंजवडीहून, तो अडकला. आठ वाजले तशी मला म्हणाले, दिगूला लाव. मी म्हटलं, दोन रिंगा देते. म्हणाले, नाही, आज बोलायचंय. काय बोलायचंय ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दोघा भावांचं असेल काहीतरी म्हटलं." त्यांनी रुमालाची घडी घातली, परत उलगडली. "त्यांना हातात धरवत नव्हता. मी कानाशी धरला होता. एकदा त्यांच्या, एकदा माझ्या, असं. पाच वेळा लावला."

उल्का सिमचा नंबर उतरवून घेत होती. शेवटचे चार आकडे तिनं दोनदा लिहिले.

"तर मला तुम्हाला एक विचारायचं होतं," यमुनाबाई म्हणाल्या. "भांडायचं नाही हं. तुमच्याशी नाही, कुणाशीच नाही. इतके दिवस विचारायचं राहून गेलंय आणि घरात कुणाला विचारायचं, तर सगळे मॅचचं बोलतात. आपल्याकडे फोन बंद असला की ती बाई बोलते ना? संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, नंतर प्रयत्न करा. ती बोलली नाही. तिकडे वाजत होतं. आपल्यासारखं नाही वाजत तिकडे. एक लांब आवाज, मग बराच वेळ गप्प, मग परत एक लांब आवाज. मी म्हटलं असेल त्यांच्याकडची पद्धत. तुम्ही यातल्या आहात. लिमिट संपून फोन बंद पडला, तर असं वाजतं का?"

तो आवाज उल्काला माहीत होता. युरोपातली रिंग तशीच वाजते. बूथवर असताना शेकडो वेळा ऐकली होती तिनं, लोक रिसीव्हर तिच्याकडे देत, "बाई, हे काय वाजतंय, लागला का?" म्हणून. आणि ती सांगायची, लागला, वाजतोय, उचलतील आता.

"काकू, तसं... कधी कधी काय होतं," ती म्हणाली, "तिकडचं नेटवर्क निराळं असतं. म्हणजे आपल्याला वाटतं की वाजतंय, पण..."

यमुनाबाई तिच्याकडे बघत होत्या. अविश्वासानं नाही. वर्गात पुढच्या बाकावर बसलेली मुलगी फळ्याकडे बघते तशा, नीट समजून घ्यायच्या तयारीनं. उल्कानं सिमचा नंबर उतरवलेला कागद उगाच सरळ केला. चाळीस देशांचे दर तिला येत होते.

"पण?" यमुनाबाईंनी विचारलं.

"मॅडम, राहू द्या," दिगंबरराव म्हणाले.

त्यांचं पेन फॉर्मवरच टेकलेलं होतं, 'मृत ग्राहकाशी नाते' या रकान्यात. चौकोनाच्या बाहेर शाईचा एक ठिपका पसरत चालला होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

"वहिनी, फोन चालू होता. माझ्या हातात होता. कालव्याकाठी बाकावर बसलो होतो, बदकं बघत. दादाचं नाव दिसत होतं. मला वाटलं, याला गप्पा मारायची हुक्की आलीय, आणि मिनिटाचे पैसे मी भरायचे. म्हटलं, घरी जाऊन ऋचाच्या वायफायवर फुकट बोलू. पाचही वेळा मी बघितलं. बदकांचे फोटो काढले मधे. मी उचलला नाही, वहिनी."